परतलेल्या शाहिराचे ऋण



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून वसंत ऋतू आणि व्याख्यान यांची महाराष्ट्रात जोडी जमली आहे. ही जोडी आपल्या वाशीममध्येही टिकून आहे, याचे श्रेय उकाड्याला न जुमानता येथे येऊन बसणाऱ्या आपल्यासारख्या श्रोत्यांकडे जाते. आजचा विषय गाण्याशी संबंधित आहे आणि बोलणारा मनुष्य आहे कामगार संघटनेचा. हमालांची मजुरी, जिनिंगमधल्या मजुरांचा बोनस, बिडी कामगार बायांचे हजेरीपट यांत ज्याचे आयुष्य गेले त्याने गाण्याबद्दल काय सांगावे, अशी शंका काही जणांच्या मनात आली असेल. तिचे उत्तर प्रारंभीच देतो. राग-तालाविषयी मी बोलणार नाही, त्यासाठी जाणकार आहेत. गाणारा मनुष्य गावोगाव फिरून घरी परततो, पाठीवरची ढोलकी खाली ठेवतो आणि भिंतीला टेकून बसतो, त्या घटकेविषयी मला बोलायचे आहे. त्या घटकेला त्याच्या मनात कोणाचे उपकार येतात? आणि त्याच घटकेला आपल्या मनात त्याचे उपकार येतात काय? विषय एवढाच आहे.

आपल्या जिल्ह्यात या जातीची माणसे थोडी नाहीत. मोझरीच्या परंपरेतले खंजिरी भजन करणारे आहेत, भारुडे म्हणणारे आहेत, गोंधळी आणि वासुदेव आहेत. एप्रिल महिना आला की भीमगीतांच्या पार्ट्या तालुक्या-तालुक्यांतून रात्रंदिवस फिरतात. लग्नसराईत बँडपार्टीवाले उन्हातान्हात चालत वाजवतात. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते आणि तांड्यातांड्यांतून डफ घेऊन मंडळी येतात. होळीला बंजारा स्त्रीपुरुषांच्या लेंगी गाण्यांनी रात्र जागते. ही सारी फिरती माणसे. त्यांचे पोट फिरण्यावर आणि त्यांचे मन घराकडे.

फिरणाऱ्या कलावंताचे वर्ष कसे असते ते आधी पाहू. मोठ्या तमाशाफडांचा हिशोब सर्वांना थोडाफार माहीत असतो. दसऱ्याला फड उभा राहतो. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे पुढारी तेथे जाऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात, आणि चैत्र-वैशाखात एकामागून एक गावे घेत फड फिरतो. बुद्धपौर्णिमेच्या आसपास हंगाम संपतो. कलावंत घरी येतो. घरी येतो म्हणजे काय, तर हंगामाच्या आधी जी उचल घेतलेली असते ती फिटली की नाही याचा हिशोब घेऊन येतो. पावसाळ्याचे चार महिने बसून काढायचे असतात. मुलांची वह्यापुस्तके, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, गळके छप्पर ही त्याच चार महिन्यांतली. श्रावण-भाद्रपदात पैसा संपतो आणि पुढच्या हंगामाची उचल घ्यावी लागते. ज्याने उचल घेतली तो बांधला गेला. ऊसतोड मजुराची जी गोष्ट तीच ढोलकीवाल्याची. फरक एवढाच की एकाच्या हातात कोयता असतो आणि दुसऱ्याच्या हातात ढोलकी, आणि ढोलकी ऐकणाऱ्याला ती उचल ऐकू येत नाही.

आता मोठ्या माणसांकडे वळतो. कारण लहानांची गोष्ट कोणी लिहून ठेवत नाही. मोठ्यांची थोडीफार लिहिली जाते आणि त्यातून लहानांचे अनुमान काढता येते.

पहिले नाव अण्णा भाऊ साठ्यांचे. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावी 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांचा जन्म झाला. शाळेशी संबंध दीड दिवसाचा, असे त्यांच्याविषयी सर्वत्र सांगतात. लहानपणी वडिलांबरोबर वाटेगावाहून मुंबईपर्यंत ते पायी आले. त्यांच्या आयुष्यातला पहिला दौरा हाच, आणि तो पोटासाठी होता. मुंबईत त्यांनी पडेल ते काम केले, गिरणीत काम केले, चळवळीत पडले. 1944 साली त्यांनी, अमर शेखांनी आणि द. ना. गवाणकरांनी मिळून लाल बावटा कलापथक उभे केले. त्या पथकाने गिरणगावाच्या चाळींपासून खेड्यांच्या चावड्यांपर्यंत महाराष्ट्र पालथा घातला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी जे केले ते नुसत्या भाषणांनी झाले नसते. भाषण करणारा मी हे बोलतो आहे, म्हणजे ते खरे मानायला हरकत नाही!

अण्णा भाऊंनी 1943 साली स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. ती लढाई त्याच वर्षी फेब्रुवारीत संपली होती. मुंबईच्या एका कामगारवस्तीत राहणाऱ्या, त्या देशाचे तोंडही न पाहिलेल्या तरुणाने तिकडच्या सैनिकांचे शौर्य मराठी डफावर गायले. तो देश प्रत्यक्ष पाहायला त्यांना 1961 साल उजाडावे लागले. गाणे आधी गेले, गाणारा अठरा वर्षांनी मागून गेला. परत आल्यावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले. मराठीत प्रवासवर्णने पुष्कळ आहेत, त्यांतली बरीचशी सुखवस्तू माणसांची. झोपडपट्टीतून निघून परदेशी गेलेल्या आणि पुन्हा त्याच झोपडपट्टीत येऊन लिहायला बसलेल्या मनुष्याचे प्रवासवर्णन ही गोष्टच वेगळी. ज्यांनी आपल्याला बोलावले, आपल्या शब्दांची किंमत केली, त्यांच्याविषयीचा स्नेह त्या लिहिण्यामागे आहे.

या ठिकाणी आपण थोडे थांबू. कृतज्ञता ही मोठी नाजूक चीज आहे. ती कोणाविषयी वाटते? ज्याने आपल्याला माणूस म्हणून वागवले त्याच्याविषयी. नुसती भाकरी देणाऱ्याविषयी माणसाला मिंधेपण वाटते, कृतज्ञता वाटतेच असे नाही. आपल्या गावात जन्मल्या जातीमुळे ज्याला पाणवठ्यापासून दूर उभे राहावे लागले, त्याला परक्या देशात पाहुणा म्हणून मानाने बसवले जाते, तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल याची कल्पना पोटभर मान मिळालेल्यांना येणे कठीण आहे. त्या देशाच्या राज्यकारभारात पुष्कळ दोष होते, ते पुढे जगाला कळले, आणि 1991 साली ते राज्यही मोडले. पण पाहुण्या शाहिराला मिळालेला मान त्यामुळे खोटा ठरत नाही. मान देणारी माणसे असतात, राज्ये येतात आणि जातात.

अण्णा भाऊ परतले ते घाटकोपरच्या चिरागनगरात. याच सुमारास त्यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला होता. म्हणजे परदेशात मान, स्वदेशात पुरस्कार, आणि राहायला झोपडी! त्यानंतर ते आठ वर्षे जगले. त्यांचे अखेरचे दिवस गोरेगावच्या सिद्धार्थनगरात विपन्नावस्थेत गेले आणि 18 जुलै 1969 रोजी त्यांचे निधन झाले. वय होते अवघे 48. मृत्यूनंतर 33 वर्षांनी, 2002 साली, भारत सरकारने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढले. 53 वर्षांनी, सप्टेंबर 2022 मध्ये, मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. हे सारे योग्यच झाले. परंतु तिकीट चिकटवून छप्पर गळायचे थांबत नाही, आणि पुतळा जेवत नाही. समाजाची कृतज्ञता इतकी सावकाश का चालते, हा प्रश्न मला या तारखा वाचताना छळतो.

दुसरे नाव अमर शेखांचे. बार्शीला 20 ऑक्टोबर 1916 रोजी एका गरीब मुसलमान घरात ते जन्मले. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर म्हणून राबले, गिरणीत राबले, संपात पुढे झाले, तुरुंगात गेले. त्यांचा आवाज ज्यांनी ऐकला ते सांगतात की ध्वनिक्षेपक नसला तरी अडत नसे. अण्णा भाऊ गेले आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्ट 1969 रोजी, अमर शेखांना रस्त्यावरच्या मोटार अपघातात मृत्यू आला. एका पथकातले दोघे एका पावसाळ्यात गेले. फिरत्या कलावंताचा रस्ता असा असतो. तो प्रत्येक वेळी त्याला घरी पोचवतोच असे नाही. लग्नसराईत आणि जत्रेच्या दिवसांत टेंपोत वाद्यांवर बसून रात्रीचा प्रवास करणाऱ्या मंडळींकडे पाहिले की मला हे आठवते.

तिसऱ्या गवाणकरांचे नाव मात्र आज किती जणांच्या तोंडी आहे? तिघांनी पथक उभे केले, लोकांनी दोघांना लक्षात ठेवले. आणि या तिघांच्या मागे उभे राहून झील धरणारे, तुणतुणे वाजवणारे, पेटी वाहून नेणारे, त्यांची नावे तर शोधूनही सापडत नाहीत. आपल्या शाहिरी परंपरेत एक जोडी मला यासाठी फार प्रिय आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातले होनाजी-बाळा. होनाजी शिलारखाने कवने करी आणि बाळा कारंजकर ती गाई. पण महाराष्ट्राने दोघांची नावे एका दोऱ्यात ओवून ठेवली, इतकी की पुष्कळांना तो एकच मनुष्य वाटतो. साथीदाराचे ऋण मानण्याचा याहून सुंदर दाखला मला माहीत नाही.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. तुकडोजी महाराजांचा जन्म 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. हातात खंजिरी आणि पायाखाली रस्ता, असे त्यांचे आयुष्य. 1935 साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. 1942 च्या आंदोलनात भजन म्हणून लोकांना जागे केल्याबद्दल त्यांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरचे तुरुंग त्यांनी पाहिले. 1955 साली ते जपानला विश्वधर्म आणि विश्वशांतीच्या परिषदेसाठी गेले आणि तेथेही खंजिरी बरोबर होती. ‘ग्रामगीता’ हा त्यांचा 41 अध्यायांचा ग्रंथ त्याच काळातला. मला यातले लक्षणीय वाटते ते असे की, जगाच्या परिषदेत जाणाऱ्या या मनुष्याने आपला मोठा ग्रंथ लिहिला तो खेड्यावर. शेणखत, विहीर, रस्ता, शाळा, सावकार, हुंडा ही त्या ग्रंथातली दैवते आणि दैत्य. दूर फिरून आलेला मनुष्य दोन प्रकारचा असतो. एकाला परत आल्यावर गाव क्षुद्र दिसू लागते. दुसऱ्याला परत आल्यावर गाव पहिल्यांदाच नीट दिसू लागते. महाराज दुसऱ्या प्रकारचे होते. ज्या गावांनी आपल्याला ऐकले त्या गावांचे ऋण त्यांनी गावे सुधारण्याचे काम हाती घेऊन फेडले. फिरत्या गायकाची कृतज्ञता याहून वेगळी काय असावी?

आणखी एक नाव घेतो, ते आमच्यासारख्या शाळेबाहेरच शिकलेल्यांचे विशेष लाडके. वामनदादा कर्डक. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीला 1922 साली जन्म. मुंबईत मजुरी करताना कोणी तरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि आपल्याला वाचता येत नाही याची त्यांना शरम वाटली. मग त्यांनी अक्षरे गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. ज्याला अक्षर उशिरा मिळाले त्याने हजारो गाणी लिहिली आणि बाबासाहेबांचा विचार जेथे पुस्तक पोचले नव्हते तेथे नेऊन पोचवला. 15 मे 2004 रोजी ते गेले, तोवर त्यांचे फिरणे थांबले नव्हते. आमच्या संघटनेत अशी किती तरी माणसे आली की ज्यांनी घटनेतला हक्काचा शब्द पहिल्यांदा पुस्तकात वाचला नाही, गाण्यात ऐकला. कायद्याची कलमे मी त्यांना पुढे समजावली, पण ताठ उभे राहायला त्यांना आधीच कोणी तरी शिकवून गेले होते. ते शिकवणारे रात्री गाऊन पहाटे पुढच्या गावाला गेले होते. माझ्या धंद्यावर हे गायकांचे ऋण आहे, म्हणून मी आज हा विषय घेतला.

स्त्रियांचे नाव घेतल्यावाचून ही यादी अपुरी आहे. विठाबाई नारायणगावकरांना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. फड चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. आपण ती कौतुकाने सांगतो. मी ती कौतुकाने ऐकू शकत नाही. कारखान्यातल्या स्त्रीला प्रसूतीची पगारी रजा देणारा कायदा या देशात 1961 साली झाला. तो कायदा कनातीच्या आत शिरलाच नाही. ज्या प्रसंगाला आपण निष्ठा म्हणतो, त्याला मजुरांच्या भाषेत वेगळे नाव आहे. आणि 2002 साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचा खर्च भागवण्याचीही पंचाईत होती. पुढे 2006 साली त्यांच्या नावाने राज्य शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुन्हा तेच: मृत्यूनंतर गौरव.

येथवर मी गायकांची गोष्ट सांगितली. आता आपली सांगतो. गावात कार्यक्रम होतो. मुख्य गायकाला शाल आणि नारळ मिळतो. समितीचे अध्यक्ष म्हणतात, ‘कलेचे मोल करता येत नाही.’ वाक्य सुंदर आहे. परंतु पुष्कळदा त्याचा व्यवहारातला अर्थ असा होतो की, मोल करता येत नसल्यामुळे मोल दिले जात नाही. एका गावी आमच्या ओळखीचा एक ढोलकीवाला, जो दिवसा बाजारात पोती उचलतो, ठरलेली बिदागी मागायला गेला. उत्तर मिळाले, ‘आम्ही तुला स्टेजवर बसवले, हे उपकार काय कमी झाले?’ मंडळी, येथे सारे उलटे झाले आहे. कृतज्ञता ज्याच्याकडून यायची तो उपकारकर्ता होऊन बसला आणि ज्याचे उपकार झाले तो याचक ठरला. तो ढोलकीवाला काही बोलला नाही. पोत्याची हमाली मागताना ज्याचा आवाज चढतो, त्याचा आवाज ढोलकीची बिदागी मागताना बसतो. का बसतो, याचा विचार आपण केला पाहिजे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की, कला ही सेवा आहे, तिची मजुरी लावली की ती बाजारू होते. तुकडोजी महाराजांचेच उदाहरण त्यासाठी देतात. महाराजांनी स्वतःसाठी काही घेतले नाही हे खरे. परंतु त्यांच्यामागे आश्रम होता, सेवकांचे मंडळ होते, गावोगावची चूल त्यांच्यासाठी पेटत होती. ज्याच्यामागे संस्था आहे त्याचा त्याग आणि ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही त्याची लुबाडणूक, यांना एका मापाने मोजू नये. आणि त्याग हा ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या त्यागाला वेठ म्हणतात. वेठबिगार आपण कायद्याने बंद केली आहे.

दुसरा आक्षेप असा की, या लोकांना पैसा दिला तरी टिकत नाही, ते उडवतात. हा आक्षेप मला जुना ओळखीचा आहे, कारण हमालांविषयी तो मी पुष्कळ वर्षे ऐकला. ज्याचे उत्पन्न आज पाचशे आणि उद्या शून्य, त्याच्या हातात पैसा टिकत नाही हे खरे. पण ते स्वभावामुळे नाही, शून्यामुळे. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका दुकानी, दुपारी दुसऱ्या. म्हणून त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, असे सांगत. मग 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालक, कामगार आणि सरकार यांची मंडळे झाली. मालकाने मजुरी मंडळात भरायची, वर ठरावीक लेव्ही भरायची, आणि मंडळाने कामगाराला पगार, निधी, औषधपाणी द्यायचे. मालक अनेक असले तरी हक्क एके ठिकाणी गोळा होऊ शकतो, हे या कायद्याने दाखवले. ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच वर्षी अण्णा भाऊ आणि अमर शेख गेले. पोती वाहणाऱ्याला जे मिळू लागले, ते पोवाडा वाहून नेणाऱ्यापर्यंत आजतागायत आले नाही. गायकालाही एक मालक नसतो. आज एक गाव, उद्या दुसरे. मग जी युक्ती पोत्याला लागू पडते ती ढोलकीला का पडू नये?

हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल. म्हणून बाहेरचे दोन दाखले देतो. इंग्लंडात 1893 साली मँचेस्टर येथे जोसेफ विल्यम्स या क्लॅरिनेट वाजवणाऱ्या गृहस्थाने वादकांची संघटना काढली. नाटकगृहांत वाजवणारे आणि गावोगाव फिरणारे वादक तीत आले. ती संघटना आजही आहे. अमेरिकेत 1942 साली वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. ध्वनिमुद्रिकेमुळे आमचे काम जाते, तर मुद्रिकेच्या कमाईतला वाटा द्या, अशी मागणी होती. दोन वर्षांहून अधिक काळ तो बहिष्कार चालला. अखेर कंपन्यांनी निधी देण्याचे मान्य केले, आणि पुढे अशा निधीतून लोकांसाठी मोफत कार्यक्रम होऊन वादकांना काम मिळू लागले. आज ध्वनिमुद्रिकेची जागा मोबाईलने घेतली आहे. आपल्या गायकाचे गाणे लाखो लोक फुकट ऐकतात आणि तो मात्र एस.टी.च्या थांब्यावर सुट्टे पैसे मोजत उभा असतो. प्रश्न जुनाच आहे, यंत्र बदलले आहे.

2020 च्या मार्चमध्ये, ऐन यात्रेच्या तोंडावर, टाळेबंदी आली. यात्रा बंद, लग्ने घरातल्या घरात, जयंत्या बंद. सारा हंगाम एका दिवसात गेला. उचल मात्र राहिली. कारखाना बंद पडला तर निदान दारावर कुलूप दिसते, वर्तमानपत्रात बातमी येते. कलावंताचा कारखाना त्याच्या गळ्यात आणि हातांत असतो, तो बंद पडला तर कोणाला दिसत नाही.

आता या गावात, या सभेतून, उद्यापासून काय करता येईल ते सांगतो. संघटनेच्या मनुष्याला ठराव मांडल्याशिवाय बरे वाटत नाही, तेवढे आपण समजून घ्या.

राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना फार जुनी आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे आणि 2024 पासून मानधन महिना 5000 रुपये झाले आहे. रक्कम मोठी नाही, पण म्हाताऱ्या भारुडकाराच्या घरात ती पीठ-मिठाची सोय आहे. अडचण कोठे येते? पुराव्यात. अमुक इतकी वर्षे कला केली याचा कागद दाखवावा लागतो. ज्याने चाळीस वर्षे रात्रीच्या रात्री गाऊन काढल्या त्याच्याजवळ कागद नसतो, कारण आपण त्याला कधी कागद दिलाच नाही. शाल दिली, ती झिजली. नारळ दिला, तो फोडून खाल्ला. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, प्रत्येक उत्सव समितीने, प्रत्येक जयंती मंडळाने, प्रत्येक देवस्थानाने कार्यक्रम झाल्यावर आपल्या छापील कागदावर चार ओळी लिहून द्याव्यात: तारीख, गाव, कला आणि साथीदारांसह सर्वांची नावे. यासाठी पैसा लागत नाही. पण वीस वर्षांनी तोच कागद एखाद्याच्या म्हातारपणाची काठी होईल.

दुसरी विनंती अशी की, बिदागी आधी ठरवावी, लिहून ठरवावी, आणि तीत साथीदाराचा वाटा वेगळा लिहावा. जाण्यायेण्याचा खर्च आणि रात्रीचे जेवण त्यात धरू नये. जेवण हे पाहुण्याला द्यायचे असते, मजुरीतून कापायचे नसते.

तिसरी गोष्ट गायकांसाठी. त्यांनी तालुक्या-तालुक्यांत एकत्र बसावे. भजनी, भीमगीतवाले, बंजारा डफवाले, बँडवाले, गोंधळी यांची व्यासपीठे वेगळी आहेत, देव आणि जाती वेगळ्या आहेत, पण पावसाळ्याचे रिकामे चार महिने सर्वांचे एकच आहेत. कमी दराने सुपारी घेऊन एकमेकांचे पाय ओढणे त्यांनी थांबवावे. हमालांनी हे केले तेव्हाच हमालांचे बरे झाले.

पोहरादेवीला ऑक्टोबर 2024 मध्ये बंजारा वारशाच्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले, आणि त्या इमारतीला नगाऱ्याचे रूप दिले आहे. वाद्याचा एवढा मोठा सन्मान झालेला पाहून कोणाही गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा ऊर भरून येईल. या जिल्ह्याने नगाऱ्याला इमारतीएवढे केले. आता तो वाजवणाऱ्याच्या घराचे छप्पर तेवढे शाबूत करावे, म्हणजे दोन्ही हिशोब जुळतील.

फिरून आलेला गायक कृतज्ञ असतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. कोणत्या गावी कोणी पाणी दिले, कोणत्या म्हातारीने भाकरीवर लोणी घातले, कोठे पावसात शाळा उघडून दिली, हे त्याला वर्षानुवर्षे आठवते. ज्याने पैसे बुडवले त्याचे नाव तो विसरतो आणि ज्याने घोंगडी दिली त्याचे सांगत बसतो. हा त्याचा मोठेपणा आहे. परंतु त्याच्या मोठेपणावर आपला संसार किती दिवस चालवायचा? त्याने उपकार आठवावेत आणि आपण देणे आठवावे, म्हणजे दोघांचे नाते बरोबरीचे होईल. उपकाराचा हिशोब मनात ठेवावा, मजुरीचा वहीत ठेवावा. आम्ही कामगार चळवळीत हे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवले.

 आज येथे ध्वनिक्षेपक लावणाऱ्या मुलांचे आणि प्रारंभी गीत गाणाऱ्या मंडळींचे नावानिशी आभार मानावेत आणि त्यांची नावे या व्याख्यानांच्या पुस्तकात छापावीत, अशी सूचना मांडून मी आपली रजा घेतो.